बिनमुंडक्यांचा फोटो

फोटो आधी कोंडाजींच्या हातात द्यायचा, असं कोणी ठरवलेलं नव्हतं. पण कडावच्या या घरात लोणच्याची पहिली फोडसुद्धा म्हाताऱ्याच्या ताटात पडल्याशिवाय बरणी पुढे सरकत नसे, तिथे फोटोची काय कथा. गौराबाईनं पाकिटातून तो काढला, पदर सावरला आणि खाली बघतच सासऱ्यापुढे धरला. फोटोत काय आहे ते तिला ठाऊक होतं. कर्जतहून येताना वाटेत तिनं तो आठ वेळा बाहेर काढून बघितला होता आणि आठही वेळा त्यात तेच होतं.

कोंडाजींनी फोटो तळहातावर घेतला. तळहातात मावेल एवढाच तो, काळा-पांढरा, चारी बाजूंनी किनार सोडलेला. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि म्हणाले, "ब्येस आलाय. सगळ्यांची तोंडं कशी झ्याक आलीत."

मग तो पोपटकडे गेला. पोपट थोरला. कुंभिवलीला मोठ्या रस्त्याच्या कडेला त्याचं चहाचं हॉटेल चालू लागून बिऱ्हाड तिकडे गेल्यापासून त्याच्या बोलण्यात ड्रायव्हर लोकांचा रुबाब आला होता, पण फोटो त्यानं आधी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. फोटोत खळ्यावर उभं असलेलं सबंध घर होतं, गळ्यापासून खाली. पुढे मांडी घालून बसलेली पोरं तेवढी डोक्यांसकट होती. त्यांच्यामागे धोतरं, लुगडी, हात, पाय, पोपटच्या मनगटावरचं नवं घड्याळ, सगळं स्वच्छ आलं होतं. मोठ्या माणसांत मुंडकं म्हणून एकालाही नव्हतं.

आधी हसला तो नामा, गौराचा नवरा. बाबांनी काय टोला हाणला, म्हणाला, सगळ्यांची तोंडं म्हणे झ्याक आली. त्याच्या हसण्यानं ओटीवरची सगळीच सुटली, पोपटसुद्धा पोट धरून हसला. गौराच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. एवढा कडक म्हातारा, आणि सुनेची लाज राखायला चारचौघांत असली थट्टा करतो, याचं तिला फार वाटलं. ती तशीच खाली बघत उभी राहिली.

हसली नाही ती येसूबाई, थोरली जाऊ. तिनं फोटो उलटासुलटा केला आणि म्हणाली, "हसताय काय? सणाला बोलावून सगळ्या घराची मुंडकी उडवली हिनं. पोरांची बरी आली? पाकिटातला म्हशीचा फोटो बघा, शिंगांसकट हाय. हे चुकून व्हतं व्हय? फोटू येत नाय तवर वाटणी नाय म्हणून बाबांनी सांगितलं, ते हिच्या पथ्यावर पडलं."

तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. वाटणी ठरली होती ती पोपटच्या हट्टानं, आणि लाकडी पाटावरून दोन्ही जावांचं जे वाजलं होतं त्यानंतर ती टळण्यासारखी उरलीही नव्हती. कोंडाजींनी एकच अट घातली होती. वाटणीचा कागद व्हायच्या आत सगळ्यांचा मिळून एक फोटो निघाला पाहिजे. स्टुडिओत जायचं नाही, आपल्या खळ्यावर. आणि घरात कॅमेरा होता तो गौराकडे. होळीला सगळे जमले तेव्हा तिनं सबंध रोल खर्ची घातला होता. म्हणजे वाटणीची गाडी अडली ती गौराच्या हातामुळे, हे तर खरंच होतं. मुद्दाम केलं, एवढंच खोटं होतं, आणि ते खोटं कसं दाखवायचं ते तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात सासू उठली. अंबाबाई एरवी थोरल्या सुनेच्या बाजूची, अकरा वर्षांत तिनं गौराची बाजू घेतल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. तिनं येसूच्या हातातून फोटो घेतला आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

"मुंडकी नसली म्हणून काय झालं?" ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं. "लावणीला सारा जन्म वाकून काढला मी. शेजारची कोण, ते पाय बघून सांगायची. ह्यो बघा डाव्या अंगाला पोपट, पायात चपला घालून उभा राहिलाय खळ्यावर. त्याच्या बाजूला येसू, नवं लुगडं नेसलीय. मधी तुमी, हात काठीवर. ही मी. ह्यो नामा, अंगठ्याचं नख काळं. पोरं म्होरं बसलीत, धाकटीनं तोंडात बोट घातलंय. सगळी हायत."

कोंडाजी मान खाली घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. येसू म्हणते ते बरोबर आहे, बिनमुंडक्यांचा फोटो घरात नको, म्हणाले. अक्षय तृतीयेला सकाळी पुन्हा काढायचा, आणि वाटणी त्याच दिवशी जेवणानंतर. आता लांबणार नाही. फोटो काढायचा तो गौरानंच.

आता हे कॅमेऱ्याचं खूळ गौराच्या मागे लागलं कसं, तर तो मूळचा तिच्या भावाचा, गोमाचा. गोमा खोपोलीला कारखान्यात लागला, पहिल्या बोनसात त्यानं तो डब्यासारखा कॅमेरा घेतला, चार दिवस मिरवला आणि बहात्तरच्या दिवाळीत बहिणीच्या घरी विसरून गेला. विसरला म्हणजे ठेवूनच गेला. जाण्याआधी तिला शिकवायला मात्र विसरला नाही. एका रोलात बारा फोटो. मागे तांबडी काच, तिच्यात आकडा येईपर्यंत रोल पुढे सरकवायचा कान पिळायचा. वर एक खटका, एका बाजूला सूर्य काढलेला, दुसऱ्या बाजूला ढग. ऊन नेहमी आपल्या पाठीशी घ्यायचं, श्वास धरायचा आणि बटण हळू दाबायचं.

गौरानं ते सगळं मनावर घेतलं. रोल नसतानाच तिनं दोन महिने सराव केला. हंडे, गोठा, म्हैस, पापड वाळत घालणारी सासू, समोरच्या घरची जनी, कोणी म्हणून सोडलं नाही. डोळा मिटून भिंगातून बघायची आणि 'टक' म्हणायची. जनीनं तिचं नाव टकूबाई पाडलं. नामाला गंमत वाटायची. कर्जतला इंजिनांच्या शेडमध्ये तो कामाला, घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायची इंजिनं धुवायची-पुसायची हे त्याचं काम. गौरा त्याला म्हणाली होती, तुमची इंजिनं गाडी वर ढकलून माघारी येतात, वर गेलेली माणसं परत कुठं दिसतात तुम्हांला, मी मात्र माणसं डब्यात धरून ठेवणार. हे बोलली तेव्हा तिला स्वतःचंच नवल वाटलं होतं.

आणि एवढं करून मुंडकी गेली. त्या दिवशी सकाळी कर्जत स्टेशनाजवळच्या मोरू फोटोवाल्यानं फोटो हातात देताना विचारलंच, "वहिनी, मुंडकी कुठं ठेवलीत?" मग ती रडवेली झालेली बघून त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला आणि माझा काढून दाखवा म्हणाला. तिनं भिंगातून नीट बघितलं. टोपी दिसते का, त्यानं विचारलं. दिसत होती. हनुवटीवरचा व्रणसुद्धा दिसत होता. मोरूला कोडं पडलं. त्यानं बाराही फोटो काउंटरवर मांडले. म्हशीला शिंगं होती, सासूबाईंच्या एकटीच्या फोटोत नथ होती, जनीचे पुढे आलेले दात होते. ज्या फोटोंत कोंडाजी आणि पोपट होते, तेवढेच फोटो खाली घसरलेले.

"सासऱ्यांकडं, थोरल्या दिरांकडं बघत नाय व्हय तुमी?" मोरू म्हणाला.

"बघत्यात व्हय कुणी?" गौरा म्हणाली.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. परत येताना ती त्याच गोष्टीचा विचार करत राहिली. लग्न होऊन अकरा वर्षं झाली. सासऱ्यांचे पाय तिला पाठ होते, उजव्या पायाचं मधलं बोट शेजारच्यावर चढलेलं. खोकला ओळखीचा होता, काठीचा आवाज ओळखीचा होता, ताटाबाहेर मीठ ठेवायची खोड माहीत होती. पण कोंडाजींच्या गालावर तीळ आहे का, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ते समोर आले की तिची मान आपोआप खाली जायची, आणि मानेबरोबर कॅमेराही. घरी तिनं हे फक्त नामाला सांगितलं. नामानं ते अर्थातच सगळ्या घराला सांगितलं.

अक्षय तृतीयेला सकाळी पोपटची मंडळी कुंभिवलीहून आली. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजून झाले होते, शेतांवर काळे चट्टे होते आणि आंब्याच्या रसाची पातेली चुलीशी लागली होती. गौराचं लक्ष सगळं आभाळाकडे. ढग नव्हता. तिनं खटका सूर्यावर केला, रोल भरला, तांबड्या काचेत एकचा आकडा आणला आणि सगळ्यांना खळ्यावर उभं केलं.

कोंडाजी मध्ये खुर्चीवर. हातात काठी, डोक्याला नवा पटका. अंबाबाई त्यांना हाताला धरून घेऊन आली, त्यात कोणाला काही वाटलं नाही, म्हातारा-म्हातारी सणाला नटून बाहेर येतात तशी आली. गौरा खळ्याकडेच्या जांभळीच्या झाडापाशी उभी राहून सरका, जवळ या, असं पुटपुटत होती.

"पोरी," कोंडाजी जांभळीकडे तोंड करून म्हणाले, "या वेळी वर बघ. आज सासऱ्याचं तोंड बघायची तुला मोकळीक हाय."

सगळे हसले, येसूबाईसुद्धा. गौराही पदराआड हसली आणि तिला थोडा धीर आला. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. पण ऊन तिरपं येत होतं, सगळ्यांच्या निम्म्या तोंडावर सावली. गोमानं सांगितलेलं तिला आठवलं. ती काही न बोलता, अनवाणी, वीस-पंचवीस पावलं डावीकडे सरकली आणि ऊन पाठीशी घेऊन उभी राहिली. सगळ्यांची डोकी तिच्याबरोबर वळली.

एक वळलं नाही. कोंडाजी जांभळीकडेच बघत होते. चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं, ती जिथे उभी नव्हती तिथे बघून ते हसत होते.

गौरानं कॅमेरा खाली घेतला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं. गालावर तीळ नव्हता. गाल बसलेले, मिशा बारीक कातरलेल्या, आणि डोळ्यांत तांदळाच्या पेजेसारखं पांढुरकं काहीतरी साकळलेलं. दोन्ही डोळ्यांत. तिला एकदम सगळं समजलं. तोंडं झ्याक आली म्हणाले ती थट्टा नव्हती. आणि सासूनं तेवढ्या मोठ्यानं एकेकाचे पाय वाचून दाखवले, ते गौराची बाजू घ्यायला नव्हतंच. घरात दोन मुलगे, दोन सुना, आणि कोणालाच पत्ता नव्हता. मुलगे बापापुढे मान वर करत नव्हते, सुनांची तर बातच नको. गौराला स्वतःची शरम वाटली.

ती चालत थेट खुर्चीपाशी गेली आणि पटका नीट करायच्या निमित्तानं वाकली. येसूबाईनं तोंडावर हात नेला. सासऱ्याच्या डोक्याला हात लावणारी सून कडावात आजवर कोणी पाहिलेली नव्हती.

"मामा," गौरा कानाशी म्हणाली, "दिसत नाय तुमाला."

कोंडाजींचा हात काठीवर घट्ट झाला. अंबाबाई शेजारी होती, तिनं दुसरीकडे तोंड केलं. म्हातारा तितक्याच हळू म्हणाला, "फोटूत दिसंल काय ते?"

"नाय. लहान येतं सगळं."

"मग काढ. आन मी कुठं बघू ते सांग."

"मी हाक मारते. हाक येईल तिकडं बघा."

ती परत जागेवर गेली. कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगात सगळे होते, पटक्याच्या वर बोटभर आभाळ सुटलं होतं. तिनं श्वास धरला, मग लक्षात आलं की श्वास धरला तर हाक कशी मारणार. तेव्हा सोडला.

"मामा," ती मोठ्यानं म्हणाली.

कोंडाजींनी तोंड वळवलं आणि तिनं बटण दाबलं. त्यानंतर तिनं उरलेले अकराही फोटो काढले, पण पहिलाच आला, हे तिला तिथेच कळलं होतं.

जेवणं झाली. रस सगळ्यांनी खाल्ला, पण सणाच्या गप्पा कोणी केल्या नाहीत. मग ओटीवर गावातले दोन जाणते येऊन बसले आणि वाटणीला सुरुवात झाली. कुंभिवलीची जागा आणि वरची भाताची खाचरं पोपटला. राहतं घर आणि घरामागची खाचरं नामाला. भांड्याकुंड्यांवरून येसूबाईनं दोन-तीनदा आतून आवाज दिला, तेवढं सोडलं तर सगळं शिस्तीत चाललं होतं. राहिला ओढ्यापलीकडचा मळा, त्यातलं लहानसं घर आणि विहीर. तो आमच्या दोघांच्या नावानं असू दे, कोंडाजी म्हणाले. आम्ही तिकडेच राहू. कोणावर भार नको. आमच्या माघारी दोघांनी अर्धा अर्धा घ्यावा.

बाबांना तिकडे करमतं, असं म्हणून पोपटनं मान हलवली. नामानंही हलवली. कागदावर लिहायला पेन उघडलं गेलं.

गौरा दाराआड उभी होती. वाटणीत सुनांनी बोलायचं नसतं हे तिला कोणी सांगायला नको होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर मळ्यातली ती विहीर आली, जमिनीबरोबर तोंड असलेली, कडेला शेवाळ. नुसतं सांगून टाकलं असतं, मामांना दिसत नाही म्हणून, तरी भागलं असतं. पण चारचौघांत म्हाताऱ्याचं ते उघडं करायचं तिच्या जिभेवर येईना. ती उंबऱ्याबाहेर आली.

"मामा-आत्या हितंच ऱ्हातील," ती म्हणाली. "आमच्या चुलीवर."

येसूबाई आतून झपकन पुढे आली. "म्हंजी मळाबी तुमच्याकडं. आधी फोटू, मग पटका, आता मळा. सकाळधरनं बघतेय मी."

"मळा भावजींना द्या," गौरा म्हणाली. "सगळा. आमाला अर्धाबी नको. माणसं तेवढी आमच्याकडं द्या."

बोलून झालं आणि तिचं तिलाच भ्यायला झालं. मळा म्हणजे घरची सगळ्यांत चांगली जमीन, बारमाही पाण्याची. नवऱ्याला विचारलं नव्हतं. नामा तिच्याकडे बघत होता, ती वर मान करून त्याच्याकडे बघत होती. शेडमधल्या तेलानं काळी झालेली बोटं त्यानं धोतराला पुसली आणि पंचांना म्हणाला, "ती म्हणती तसं लिवा."

"पण का?" पोपट म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, फुकट मिळतं आहे हे बघून तोच गडबडला होता. "बाबांना तिकडं काय धाड भरली?"

"त्या विहिरीला कठडा नाय," गौरा म्हणाली.

"बाबांनीच खणलेली विहीर ती. त्यांना काय तिचं?"

गौरानं सासऱ्याकडे बघितलं. कोंडाजी दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते. आता म्हातारा संतापणार, असंच सगळ्यांना वाटलं, कारण त्यांचा शब्द या ओटीवर कोणी असा मोडलेला नव्हता. अंबाबाईनं हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ऱ्हातो मी हितं," कोंडाजी म्हणाले. "तिनं बघून सांगितलंय."

तसा कागद झाला. नामाला तिनं त्याच संध्याकाळी खरं काय ते सांगितलं. महिन्याभरानं पोपटला कळलं तेव्हा तो कुंभिवलीहून धावत आला, बापाच्या पायाशी बसून रडला आणि मळ्याचा अर्धा हिस्सा परत देतो म्हणाला. गौरा नको म्हणाली. येसूबाईनं मात्र मळ्यातली पहिली वांगी टोपलीभर पाठवली आणि पुढे दर वर्षी पाठवत राहिली, जावाजावांत तेवढं पुष्कळ झालं. डॉक्टरांना दाखवलं, पण मोतीबिंदूच्या जोडीला काचबिंदूनं नजर नेली, आता उशीर झाला असं ते म्हणाले. विहिरीला पोपटनं कठडा बांधला.

आणि फोटो मोरूनं मोठा करून दिला, काच-चौकटीसकट. तो ओटीवर लागला तेव्हा कोंडाजींनी गौराला शेजारी बसवून, कोण कुठे आहे, कसं दिसतं, ते सगळं विचारून घेतलं. पोपटचे केस पिकलेत काय, विचारलं. नामा कोणासारखा दिसतो, विचारलं. तुझ्या सासूनं नथ घातलीय ना, विचारलं. शेवटी म्हणाले, "आन तू कुठं हायस?"

"मी कशी असंन, मामा? मी काढला ना."

म्हातारा थोडा खट्टू झाला होता.

कोंडाजी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गौराच्या हातून पुढे शेकड्यांनी फोटो निघाले आणि पोरींच्या लग्नांत वाटले गेले, मग कॅमेऱ्याचा कान तुटला, रोल मिळेनासे झाले. ओटीवर तो एक तसाच राहिला. घरात नवीन आलेलं कोणीही, नवी सून असो की पावणा, त्या फोटोपाशी थांबतं आणि हमखास एकच विचारतं. सगळे नीट समोर बघताहेत, आजोबांचीच मान अशी तिरकी का, कान पुढे करून, हनुवटी वर काढून, कॅमेरा सोडून ते कुठं बघताहेत.

गौराबाई आता त्या विचारणाऱ्याच्या तोंडाकडे सरळ बघते.

"माझ्याकडं," ती सांगते. "मी हाक मारली व्हती त्यांना."